तेरा दिवसांचं ‘शिक्षण’: अमागासाकीचा अपघात आणि चुकीतून शिकण्याची जपानी रीत

जपानमध्ये ओसाकाजवळच्या इतामी स्टेशनात गाडी जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. ७२ मीटर पुढे गेली, म्हणजे सात डब्यांतले साडेतीन फलाटाबाहेर. मोटरमनने ती मागे घेतली, दारं उघडली, माणसं चढली-उतरली आणि गाडी साधारण ऐंशी सेकंद उशिरा निघाली. २५ एप्रिल २००५, सोमवार, सकाळचे सव्वानऊ. निघाल्यावर मोटरमनने मागच्या टोकाला असलेल्या गार्डला इंटरकॉमवर गाठलं आणि म्हणाला, ‘माकेते कुरेहेन का.’

हे ओसाकाकडचं बोलणं. ‘माकेरु’ म्हणजे भाव उतरवणं. बाजारात गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणतं ते. आपल्याकडे म्हणायचं तर, ‘जरा कमी करून सांग ना.’ काय कमी करायचं? गाडी किती मीटर पुढे गेली तो आकडा. गार्ड म्हणाला, बरीच पुढे गेली होती. तेवढ्यात एका प्रवाशाने गार्डच्या केबिनची काच ठोठावली: उशीर झालाय, माफीची घोषणा का नाही? गार्डने इंटरकॉम ठेवला आणि घोषणा केली. पुढे केबिनमध्ये एकट्या बसलेल्या मोटरमनला एवढंच कळलं की आपण गयावया केली आणि समोरच्याने बोलणं तोडलं. घोषणा संपवून गार्डने रेडिओवरून कंट्रोलला (वाहतूक नियंत्रण कक्षाला) कळवलं की गाडी आठ मीटर पुढे गेली होती. ७२चे आठ. भाव उतरला होता. कंट्रोलने पडताळणीसाठी मोटरमनला हाक दिली. उत्तर आलं नाही.

पुढे अमागासाकी स्टेशनाच्या अलीकडे ३०४ मीटर त्रिज्येचं उजवं वळण होतं, वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर. गाडी त्यात सुमारे ११६च्या वेगाने शिरली. पुढचे डबे रुळांवरून उडून शेजारच्या निवासी इमारतीत घुसले. पहिला डबा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गेला, दुसरा इमारतीच्या कोपऱ्याला गुंडाळला गेला. १०६ प्रवासी आणि मोटरमन असे १०७ जण गेले, ५६२ जखमी झाले. मोटरमन २३ वर्षांचा होता. गाडी चालवण्याचा परवाना मिळून अकरा महिने झाले होते.

हा अपघात रेल्वे सुरक्षेच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. मला तो प्रौढांच्या शिक्षणाचं प्रकरण म्हणून जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण तपास आयोगाने जून २००७मधल्या अंतिम अहवालात ब्रेक उशिरा लागण्यामागे जे कारण मांडलं, त्यात एका प्रशिक्षणाचं नाव आहे. आयोगाच्या मते मोटरमनचं लक्ष गार्ड आणि कंट्रोल यांच्यातल्या रेडिओवरच्या बोलण्याकडे होतं. पुन्हा ‘निक्किन क्योइकु’ला बसावं लागेल या धास्तीने तो सबबी जुळवत होता, आणि त्यात लक्ष गाडीवरून उडालं असावं. शिकवणीची भीती हे अपघाताचं एक कारण म्हणून सरकारी अहवालात नोंदलं जावं, असं क्वचितच घडतं.

दिवसपाळी

‘निक्किन’ म्हणजे दिवसपाळी, ‘क्योइकु’ म्हणजे शिक्षण. मोटरमनच्या पाळ्या वेड्यावाकड्या असतात, कधी पहाटे, कधी मुक्कामी. त्याला सकाळी नऊ ते संध्याकाळपर्यंत ऑफिसात बसवणं याचाच अर्थ त्याला गाडीवरून उतरवणं. चूक झाली, म्हणजे गाडी फलाटाच्या पुढे गेली, उशीर झाला किंवा सिग्नल पाहण्यात हयगय झाली, की जेआर वेस्टमध्ये, म्हणजे ही गाडी चालवणाऱ्या रेल्वे कंपनीत, त्या माणसाला असं खाली बसवत. किती दिवस, ते डेपोप्रमुख ठरवी. काय शिकवायचं, तेही बहुतांशी त्याच्याच मर्जीवर. नियमपुस्तिका हाताने उतरवून काढणं, कारणमीमांसेचे आणि पश्चात्तापाचे निबंध लिहिणं, ते परत येणं, पुन्हा लिहिणं. टेबल अशा जागी की येणाऱ्या-जाणाऱ्या सहकाऱ्यांना दिसावं. कुठे गवत उपटायला लावलं, कुठे फलाटावर उभं राहून येणाऱ्या मोटरमनांना अभिवादन करायला लावलं. गाडी नाही म्हणून गाडीवरचा भत्ताही नाही.

आपल्या या मोटरमनने आदल्या वर्षी, जून २००४मध्ये, दुसऱ्या एका स्टेशनात गाडी सुमारे शंभर मीटर पुढे नेली होती. त्याला तेरा दिवस बसवलं. त्या तेरा दिवसांत गाडी थांबवण्याचा सराव किती झाला आणि लिखाण किती, असं विचारलं तर पारडं लिखाणाकडेच झुकतं. ब्रेक कुठे लावायचा हे शिकायला मोटरमनला हँडल लागतं, किमान सिम्युलेटर लागतो. कागदावर शिकता येते ती फक्त माफी.

या पद्धतीबद्दल इशारे आधीच मिळाले होते. २००१ साली एका मोटरमनने असं प्रशिक्षण चालू असतानाच्या दिवसांत आत्महत्या केली होती. त्याची चूक साधारण मिनिटभराच्या उशिराची होती. कुटुंब न्यायालयात गेलं, संघटनांनी आवाज उठवला. पद्धत चालूच राहिली.

चांगल्या माणसांना हे योग्य का वाटलं?

इथे वाचकाचा पहिला निष्कर्ष असतो की कंपनी क्रूर होती. तो पुरेसा नाही. डेपोत हे राबवणारे वरिष्ठ स्वतः मोटरमन म्हणून वाढलेले होते आणि त्यांच्यातल्या अनेकांना मनापासून वाटत होतं की आपण पोराला घडवतोय. तसं का वाटावं, हे समजायला जपानी माणूस शाळेपासून काय शिकत येतो ते पाहावं लागतं.

‘हान्सेई’ हा शब्द पुण्या-चाकणच्या कारखान्यांत ‘कायझेन’ (सतत थोडी थोडी सुधारणा) इतका पोचलेला नाही, पण जपानमध्ये तो लहानपणापासून कानावर असतो. मागे वळून स्वतःकडे पाहणं, आपलं काय चुकलं ते मान्य करणं, पुन्हा होऊ न देण्याचा निश्चय करणं, हे तिन्ही त्यात येतं. शाळेतल्या क्रीडादिनानंतर ‘हान्सेईकाई’ भरते, म्हणजे काय नीट झालं, काय नाही याची बैठक. दंगा केलेल्या मुलाकडून ‘हान्सेईबुन’ लिहून घेतात. ‘मी शंभर वेळा लिहीन’ छापाची शिक्षा आपण खाल्लेली असते, पण हान्सेईबुनमध्ये तेच वाक्य शंभरदा लिहून चालत नाही. मनात काय झालं ते मांडावं लागतं, आणि ते मनापासून लिहिलंय की नाही हे वाचणारा ठरवतो. काम यशस्वी झालं तरी हान्सेई करायची असते. टोयोटासारख्या कंपनीत, ‘काहीच अडचण आली नाही’ असं सांगणाऱ्याकडे संशयाने बघतात.

दुसरा धागा ‘मेइवाकु’चा: आपल्यामुळे इतरांना त्रास होऊ नये. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोजवळ एक गाडी वीस सेकंद लवकर सुटली, तर कंपनीने जाहीर माफी मागितली होती. जगभर त्याचं कौतुक झालं, आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर फिरलं. ते वाचताना मला अमागासाकीची काच ठोठावणारा प्रवासी आठवतो. वक्तशीरपणाचं कौतुक करताना तो कोणाच्या मानेवर बसलेला असतो, हेही पाहावं.

तिसरा धागा गुरू-शिष्याचा. जपानी रेल्वेत माणूस एकदम मोटरमन होत नाही. स्टेशनात काम, मग गार्ड, मग परीक्षा, मग अनुभवी मोटरमनशेजारी बसून महिनोन्‌महिने शिकणं. शिकवणाऱ्याला बोलीत ‘शिशो’ म्हणतात, गाण्याच्या किंवा हस्तकलेच्या उस्तादाला म्हणतात तोच शब्द, आणि शिकणारा ‘देशी’. ब्रेकची हाताची जाणीव, पावसातल्या रुळांचा अंदाज, कोणत्या खांबापाशी वेग किती, हे शिशोकडून पाहून उचलायचं. आपल्या घराण्यांच्या गायकीत वाढलेल्याला हे परकं वाटणार नाही, आणि त्यातली अडचणही नाही: गुरूने ‘पुन्हा’ म्हटलं की का, असं विचारायचं नसतं.

यात चौथी गोष्ट आहे ती मूल्यांची कमी आणि नोकरीच्या बाजाराची जास्त. मोठ्या जपानी कंपन्या शाळा-कॉलेजातून पोरं थेट उचलतात, एप्रिलमध्ये एकत्र रुजू करून घेतात आणि सगळं शिक्षण घरातच देतात. प्रौढपणीचं शिक्षण म्हणजे बहुतांशी कंपनीतलं शिक्षण. त्यामुळे शिकवण्यात गुंतवणूक भरपूर होते, हा मोठाच फायदा. पण डेपोत पत गेली तर ‘चल, दुसरीकडे बघू’ म्हणण्याची सोय फार थोडी. लाज कुठे ठेवून जाणार?

आता या चारही गोष्टी एकत्र ठेवून डेपोप्रमुखाच्या खुर्चीत बसून पाहा. समोर एक पोरगा आहे, त्याची चूक शंभर मीटरची आहे. तुमचा अनुभव सांगतो की माणूस मनातून हलला तरच सुधारतो. तुम्ही त्याला निबंध लिहायला बसवाल. पहिला निबंध उथळ वाटेल. परत द्याल. पाचव्या निबंधात तो स्वतःला हवं तेवढं दोषी ठरवेल आणि तुम्हाला समाधान वाटेल. त्या पाच निबंधांत एक वाक्य कधीच येणार नाही: वेळापत्रकात जागाच नाही, साहेब.

कारण वेळापत्रकात खरोखरच जागा नव्हती. १ एप्रिल १९८७ रोजी सरकारी रेल्वेचे तुकडे होऊन जेआर कंपन्या झाल्या. ओसाका-कोबे-क्योतो पट्ट्यात जेआर वेस्टची गाठ हानक्यूसारख्या जुन्या खासगी रेल्वेंशी होती. ताकाराझुका ते ओसाका हा प्रवास मिनिटा-मिनिटाने आकसत गेला, मधले थांबे वाढले, फलाटावर थांबायचे सेकंद कापले गेले. ओसाका शाखेच्या २००५च्या धोरणपत्रकात पहिला शब्द होता ‘कमवा’. १९९६ साली मार्ग बदलताना ६०० मीटर त्रिज्येचं वळण ३०४ मीटरचं झालं होतं आणि त्या वळणावर गाडीचा वेग आपोआप रोखणारी यंत्रणा अपघाताच्या दिवशी बसवलेली नव्हती. यातलं काहीही तो २३ वर्षांचा मुलगा हान्सेई करून बदलू शकत नव्हता.

त्यामुळे ‘जपानी संस्कृतीमुळे अपघात झाला’ हे वाक्य मला मान्य नाही. त्याच देशात, त्याच मूल्यांवर वाढलेल्या माणसांनी टोयोटाच्या कारखान्यात दोरी लावली, कामगाराने ओढली की मदतीला माणूस येतो आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. त्या कल्पनेचं मूळ साकिची तोयोदा यांच्या मागात आहे: दोरा तुटला की माग आपोआप थांबायचा. मागाकडून कोणी निबंध लिहून घेत नव्हतं. दोरा का तुटला ते पाहत. हान्सेई तिथेही आहेच, पण ती अख्ख्या गटाने, वस्तू समोर ठेवून, कामाच्या जागीच केलेली. निक्किन क्योइकुत तोच शब्द एका माणसाला खोलीत बसवून, वस्तूपासून दूर नेऊन वापरला. शिकण्याचा विषय ‘गाडी पुढे का गेली’ हा होता, तो ‘तू कसा आहेस’ असा झाला. एकदा तसा झाला की शहाणा माणूस एकच गोष्ट शिकतो: आकडा कमी करून सांगणं.

बोट दाखवणं

रेल्वेतल्या जपानी शिकण्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर प्रकरण एकांगी होईल. जपानमध्ये मोटरमनच्या केबिनमागे उभं राहिलं की तो पांढरा हातमोजा घातलेलं बोट सिग्नलकडे रोखून मोठ्याने ‘शुप्पात्सु शिन्को’ म्हणतो. निघायचा सिग्नल हिरवा. याला ‘शिसा कान्को’ म्हणतात, बोट दाखवून पुकारणं. परदेशी पाहुण्यांना गंमत वाटते. १९९४ साली तिथल्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने प्रयोग केला: साध्या कामात शंभरामागे २.३८ चुका होत होत्या, बोट आणि आवाज दोन्ही वापरल्यावर त्या ०.३८वर आल्या. आपल्या रेल्वेतही लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना पुकारून सांगतात, तेव्हा यामागचं तर्कशास्त्र आपल्याला नवं नाही.

ही सवयही शिस्तीतून, पुनरावृत्तीतून, वरिष्ठांच्या नजरेखाली येते. म्हणजे ज्या मातीत निक्किन क्योइकु उगवलं त्याच मातीत. फरक एवढाच की इथे शरीराला जे शिकवलं जातं ते गाडीशी थेट जोडलेलं आहे, आणि चूक होण्याआधीच्या क्षणाला ते कामी येतं.

नंतरची वर्षं

अपघातानंतर जेआर वेस्टने निक्किन क्योइकु मोडीत काढलं आणि बदल बरेच केले. २००६मध्ये सुरक्षा संशोधन संस्था स्थापन झाली. २००७च्या एप्रिलमध्ये सुइता इथल्या प्रशिक्षण केंद्रात कर्मचाऱ्यांना अमागासाकीबद्दल शिकवणारं दालन उघडलं. दालनाच्या नावात ‘कोदो’ हा शब्द आहे, म्हणजे कृती. पण तो नेहमीच्या चिन्हांनी न लिहिता ‘विचार’ आणि ‘हालचाल’ या चिन्हांनी लिहिला आहे. उच्चार तोच, अर्थ ‘विचार करून वागणं’. जपानी भाषेला असे खेळ सहज जमतात. कधी कधी वाटतं की पाटीवरचा शब्द बदलणं तिथे थोडं जास्तच सोपं आहे.

मृतांच्या काही नातेवाइकांनी कंपनीशी एकाच टेबलावर बसून कारणांची चर्चा करायचा आग्रह धरला. दोषारोपाचा हक्क सर्वात जास्त ज्यांना, त्यांनीच ‘यंत्रणेत काय चुकलं ते सांगा’ म्हणावं, याला मोठं मन लागतं. न्यायालयात मात्र कोणी दोषी ठरलं नाही. माजी अध्यक्षांवरचे खटले निर्दोष सुटकेने संपले, शेवटचा २०१७मध्ये. आणि कंपनीचीही सरळ वाटचाल नव्हती: आयोगाच्या सदस्याला गाठून अहवालाचा मसुदा आधीच मिळवण्याचा प्रकार २००९ साली उघड झाला.

खरा बदल एप्रिल २०१६मध्ये आला. हेतुपुरस्सर किंवा घोर हयगय नसलेल्या मानवी चुकीसाठी शिस्तभंगाची कारवाई करायची नाही, असं जेआर वेस्टने ठरवलं. अपघातापासून अकरा वर्षं लागली. आपल्याकडे लाल सिग्नल ओलांडला की नोकरीवर गदा येते. तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

नियम बदलला म्हणून हात-जीभ बदलतात का? ११ डिसेंबर २०१७. हाकाताहून टोकियोला निघालेल्या नोझोमी ३४ या शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, कर्मचाऱ्यांना जळका वास आला, वेगळा आवाज आला. ओकायामाला देखभालीचा माणूस चढला. त्याला शिन-ओसाकाला गाडी खालून तपासावी असं वाटत होतं, तो कंट्रोलशी बोललाही. पण नेमक्या त्या क्षणी कंट्रोलमधला माणूस वरिष्ठाला उत्तर द्यायला रिसीव्हर कानापासून दूर धरून होता. ‘धावायला अडचण आहे का?’ या प्रश्नाला ‘तितकं नसावं’ अशा आशयाचं उत्तर गेलं. देखभालवाल्याला वाटलं कंट्रोल ठरवेल. कंट्रोलला वाटलं, गरज असती तर तो स्पष्ट म्हणाला असता. गाडी धावत राहिली आणि शेवटी नागोयाला थांबवली गेली. डब्याखाली चाकं धरून ठेवणाऱ्या बोगीच्या पोलादी चौकटीला जी चीर गेली होती, तिने पूर्ण तुटायला तीन सेंटिमीटर बाकी ठेवले होते.

यावेळी कोणी आकडा लपवला नव्हता. शिक्षेची भीतीही नियमाप्रमाणे नव्हती. अडलं ते ‘थांबवा’ हा शब्द मोठ्याने उच्चारण्यापाशी, आपल्यामुळे हजार माणसांचा खोळंबा होईल त्या जागी. समोरच्याने न सांगता ओळखावं ही बोलण्याची रीत घरात, मैफलीत, चहापानात सुंदर असते; रिसीव्हरवर ती अपुरी पडते. जपानी कार्यालयात नव्या माणसाला पहिल्याच दिवसांत ‘होरेन्सो’ शिकवतात: कळवणं, संपर्क ठेवणं, सल्ला घेणं (शब्दाचा दुसरा अर्थ पालक, भाजीतला, म्हणून लक्षात राहतो). त्यात माहिती वर पाठवायला शिकवतात, निर्णय स्वतः घ्यायला नाही. या घटनेनंतर जेआर वेस्टला जागेवरच्या माणसाचं मत निर्णायक धरायचं धोरण पुन्हा नव्याने घोटावं लागलं.

आणखी एक लहान प्रकरण आहे, इतकं लहान की प्रशिक्षणाच्या चर्चेत ते कोणी काढत नाही. जून २०२०, ओकायामा स्टेशन. एका मोटरमनने रिकामी गाडी ताब्यात घेऊन कारशेडला न्यायची होती. तो चुकीच्या फलाटावर उभा राहिला, लक्षात आल्यावर धावत योग्य फलाटावर गेला, गाडी एक मिनिट उशिरा निघाली. प्रवासी नव्हतेच. कंपनीने ‘काम नाही तर दाम नाही’ या न्यायाने त्याचे आधी दोन मिनिटांचे पैसे कापले, मग एका मिनिटाचे: ४३ येन. त्याने दावा लावला. एप्रिल २०२२मध्ये ओकायामा जिल्हा न्यायालयाने ते ४३ येन परत द्यायला लावले. मनस्तापाबद्दल मागितलेली भरपाई मात्र फेटाळली. कंपनीचं म्हणणं होतं, त्या मिनिटात काम झालं नाही. त्या मिनिटात तो आपली चूक ओळखून, जिना चढून-उतरून, ती दुरुस्त करत होता.